घरात एकटी असताना मुलाचा मेल्टडाऊन सुरक्षितपणे कसा सांभाळायचा?

ताई, तुम्ही लिहिलेलं थोडक्यात असं: मुलगा नऊ वर्षांचा, ऑटिझमचं निदान झालेलं, वजन ३१ किलो, बोलणं दोन-तीन शब्दांपुरतं. आठवड्यातून तीन-चारदा त्याचा मोठा भडका, म्हणजे मेल्टडाऊन, उडतो. भिंतीवर डोकं आपटतो, जवळ जाईल त्याला चावतो, पाच वर्षांच्या बहिणीचे केस धरतो. मिस्टर घरी असले की दोघं मिळून त्याला गादीवर पालथं पाडता आणि शांत होईपर्यंत धरून ठेवता. पण त्यांची सेकंड शिफ्ट असते तेव्हा तुम्ही एकट्या असता. म्हणून तुम्ही विचारलंय, 'त्याला न लागता एकटीनं कसं धरायचं?'

बाकी सगळं नंतर. पालथं पाडून धरणं आजपासून बंद करा, मिस्टर घरी असले तरीही. मूल पोटावर असताना पाठीवर, खांद्यांवर किंवा कमरेवर वजन पडलं की छाती फुलायला जागा राहत नाही. पोट खालून दबलेलं असल्यानं श्वासपटलही नीट हलत नाही. नेमकं त्याच वेळी रडण्यानं आणि झटापटीनं त्याच्या शरीराला प्राणवायू नेहमीपेक्षा जास्त लागत असतो. श्वास अडला की ते सुटण्यासाठी आणखी धडपडतं. धरणाऱ्याला वाटतं, अजून जोर ओसरला नाही, म्हणून तो आणखी दाबतो. मग मूल एकदम ढिलं पडतं आणि आपण म्हणतो, 'झालं शांत.' अशा धरण्यातून मृत्यू झालेले आहेत, तेही शाळांमध्ये आणि रुग्णालयांमध्ये, प्रशिक्षण घेतलेल्या माणसांच्या हातून. 'ओरडतोय म्हणजे श्वास चालू आहे' हा भरवसाही खोटा आहे. थोडी हवा आत-बाहेर होत असली तरी आवाज निघतो.

याच कारणासाठी अंगावर बसणं, गळ्याभोवती हात घालणं, डोकं मांडीत दाबून धरणं, तोंडावर उशी किंवा ओढणी धरणं, चादरीत घट्ट गुंडाळणं, हातपाय बांधणं आणि बाथरूममध्ये कोंडणं या सगळ्या गोष्टी कायमच्या बाद. तुम्हाला हे कोणी सांगितलं नव्हतं आणि तुम्ही त्याला वाचवण्यासाठीच धरत होतात, यात शंका नाही. पण आता कळलंय, तर आजपासून नको.

आता तुमच्या प्रश्नाकडे. आणखी चार-पाच वर्षांत तो तुमच्या उंचीचा आणि वजनाचा होईल. जी योजना तुमच्या हातातल्या ताकदीवर उभी आहे ती तेव्हा आपोआप कोसळेल. म्हणून मी पालकांना एकच कसोटी सांगते: जे आज कराल ते तो चौदा वर्षांचा झाल्यावरही चाललं पाहिजे. या कसोटीला धरणं उतरत नाही. घराची मांडणी, वेळेत ओळखलेली लक्षणं आणि तुमचं शांत राहणं या तिन्ही गोष्टी उतरतात. तेव्हा 'कसं धरू' ऐवजी 'भडका उडाला तरी त्याला, मला आणि मुलीला लागणार नाही असं घर आणि असा क्रम कसा लावू' हा प्रश्न हाती घेऊ.

हा हट्ट आहे की मेल्टडाऊन, हे आधी ओळखता यायला हवं, कारण दोन्हींना उत्तर वेगळं. हट्ट करणारं मूल मधूनमधून तुमच्याकडे बघतं, स्वतःला लागणार नाही याची काळजी घेतं, आणि हवं ते मिळालं की थोड्या वेळात थांबतं. मेल्टडाऊनमध्ये मेंदूवरचा ताण सहन होण्यापलीकडे गेलेला असतो. तेव्हा मोबाइल हातात दिला तरी तो फेकून देतो, समोर कोणी असो-नसो चालूच राहतं, लागल्याचं भान नसतं. तुमच्या वर्णनावरून हा मेल्टडाऊन वाटतो. मात्र दोन्ही एकमेकांत मिसळतात. हट्टानं सुरू झालेलं पाच मिनिटांत मेल्टडाऊन होऊ शकतं, म्हणून दर वेळी पाटी लावायच्या भानगडीत पडू नका. शंका असेल तर मेल्टडाऊन समजूनच वागा. त्यात नुकसान कमी आहे.

एक गोष्ट मला इथून दिसत नाही: हे प्रमाण कधीपासून वाढलं? गेल्या एक-दोन महिन्यांत अचानक वाढलं असेल तर थेरपीच्या आधी बालरोगतज्ज्ञ. ज्या मुलाला 'दुखतंय' म्हणता येत नाही ते दुखणं वागण्यातून सांगतं. दाढ किडलेली असणं, कान ठणकणं, बद्धकोष्ठता, ॲसिडिटी, झोप मोडणं ही कारणं फार नेहमीची आहेत. पोट तीन दिवस साफ झालेलं नाही हे कित्येक घरांत लक्षातच येत नाही, कारण मूल स्वतः संडासला जातं आणि बघत कोणी नाही. डोकं आपटताना तो नेहमी एकाच बाजूनं आपटत असेल किंवा सतत कानाशी, जबड्याशी हात नेत असेल, तर तसं डॉक्टरांना मुद्दाम सांगा. औषधांचीही यादी न्या. फिट्ससाठी दिलं जाणारं लेव्हेटिरासिटाम काही मुलांची चिडचिड आणि आक्रमकपणा बराच वाढवतं. दमा-ॲलर्जीसाठीच्या माँटेलुकास्टबद्दल अमेरिकेच्या औषध नियामकानं २०२० मध्ये मनःस्थिती आणि वागणुकीवरच्या परिणामांचा सर्वांत कडक इशारा दिला. यातलं काही चालू असेल तर स्वतःहून बंद करू नका. फिट्सचं औषध अचानक थांबवणं फार धोक्याचं आहे. फक्त डॉक्टरांना विचारा, 'औषध सुरू झालं आणि हे वाढलं, यांचा संबंध असेल का?' आणि भडक्यात तो काही क्षण शून्यात बघत राहत असेल, हाक पोहोचतच नसेल, ओठ किंवा हात तेच-तेच हलत असतील, तर वीस-तीस सेकंदांचा व्हिडिओ काढून न्यूरॉलॉजिस्टना दाखवा. व्हिडिओ तेवढ्यापुरताच. नातेवाइकांच्या ग्रुपवर नको.

आता घराबद्दल. इथे मी थोडी रेंगाळणार आहे, कारण तुम्ही एकट्या असताना निम्मं काम भिंती आणि कड्याच करणार आहेत.

एक कोपरा निवडा. वेगळी खोली असायलाच हवी असं नाही. वन आरके मध्येही जमतं. खिडकी, टीव्ही, काचेचं कपाट आणि गॅस यांपासून लांबचा, दोन भिंतींचा कोपरा घ्या. खाली कापसाची गादी टाका. दोन्ही भिंतींना जमिनीपासून सुमारे चार फुटांपर्यंत जाड फोमच्या शीट किंवा जुन्या गादीचे तुकडे पक्के बसवा. मुलांच्या खोलीसाठी मिळणाऱ्या पातळ रंगीत मॅट नुसत्या चिकटवल्या तर दोन भडक्यांत निघतात आणि तो त्या चावून तुकडे तोंडात घालू शकतो. म्हणून कापडी खोळ शिवून घेतलेली बरी. कोपऱ्यात दोन मोठ्या उशा, एक गोधडी आणि चघळण्यासाठी ओला, पिळलेला नॅपकिन ठेवा. आवाजाचा त्रास असेल तर कारखान्यातले कामगार वापरतात तसे कानांवर बसणारे मफ घेऊन ठेवा. हार्डवेअरच्या दुकानात मिळतात. या कोपऱ्याला दार नको, कडी नको. ही शिक्षेची जागा नाही. रोज दुपारी तो शांत असताना दहा मिनिटं त्याच्या आवडीची वस्तू घेऊन तिथे बसा, म्हणजे ताण आला की पाय आपोआप तिकडे वळतील. याला दोन-तीन आठवडे लागतील. भडक्यातच त्याला पहिल्यांदा ओढत तिथे नेलंत तर तो कोपरा कायमचा नावडता होईल.

बाकी घरात: बाथरूमची आतली कडी काढून टाका, नाहीतर तो आत कोंडून घेईल आणि तुम्ही बाहेर दार ठोठावत राहाल. मुख्य दाराला वरच्या टोकाला कडी बसवा, मोठ्या माणसाला एका हातानं उघडता येईल अशी, कारण आग लागली तर सगळ्यांना बाहेर पडता आलं पाहिजे. खिडकीच्या ग्रिलला कुलूप असेल तर किल्ली त्याच खोलीत उंच खिळ्याला टांगा. गॅलरीला कबुतरांसाठी लावलेली जाळी माणसाचं वजन पेलण्यासाठी नसते, तिच्यावर विसंबू नका. कपाट आणि टीव्ही भिंतीला स्क्रूनं आवळून घ्या. सरकत्या खिडक्यांच्या काचांवर सेफ्टी फिल्म लावली की काच फुटली तरी तुकडे फिल्मला धरून राहतात. सुरी, विळी, खलबत्ता, इस्त्री, फिनेल, डासांच्या मशीनची बाटली, औषधांचा डबा हे सगळं एका कुलपाच्या कपाटात. लाटणंसुद्धा ओट्यावर पडलेलं नको.

आणि गॅस. भडका बहुतेक संध्याकाळी स्वयंपाकाच्या वेळेला उडतो असं तुम्हीच लिहिलंय. कढईत तेल तापलेलं असताना तुम्ही त्याच्याकडे धावलात तर दोन संकटं एकदम. भडक्याची पहिली खूण दिसली की आधी शेगडी बंद, मग सिलिंडरचा रेग्युलेटर किंवा पाइप गॅसचा भिंतीवरचा कॉक बंद, मग त्याच्याकडे. हा क्रम हातात बसेपर्यंत रोज करा. शक्य असेल तर तळणं आणि फोडण्या तो शाळेत असताना उरका. कुकरच्या शिट्टीनं तो कान झाकत असेल तर डाळ-भातही दुपारीच.

ही पहिली खूण म्हणजे काय? प्रत्येक मुलाची वेगळी असते, पण दर मुलाची असतेच. येरझाऱ्या वाढणं, कान झाकणं, गालावर किंवा कानाच्या पाळीवर लाली येणं, एकच शब्द किंवा जाहिरातीची ओळ पुन्हा पुन्हा म्हणणं, मनगट चावायला तोंडाकडे नेणं, एकदम गप्प होणं, जोरानं हसणं. हसण्याकडे विशेष लक्ष द्या, कारण आपण ते आनंदाचं समजून आणखी छेडतो. खूण दिसल्यापासून भडक्यापर्यंत कुणाकडे दहा मिनिटं असतात, कुणाकडे अर्धं मिनिट. सगळी कमाई या वेळातली आहे. टीव्ही बंद, ट्यूबलाइट बंद, पाहुणे बाहेर, चालू असलेली मागणी मागे. 'होमवर्क पूर्ण कर', 'शर्ट बदल', 'काकूंना नमस्कार कर' यातलं काहीही त्या वेळी महत्त्वाचं नसतं. ब्रिटनमधले मानसशास्त्रज्ञ अँड्र्यू मॅकडॉनेल यांनी मांडलेली 'लो अराउझल' पद्धत याच पायावर उभी आहे: समोरच्याचा ताण उतरवायचा असेल तर आधी आपल्या आवाजातला, अंगातला आणि मागण्यांमधला ताण उतरवायचा.

इथे घरातली मोठी माणसं हमखास म्हणतात, 'अशानं तो शेफारेल.' त्यांची शंका अगदीच बिनबुडाची नाही, म्हणून उत्तर नीट देते. एखादी गोष्ट देण्यासारखी असेल तर पहिल्या खुणेलाच द्या, मारण्या-चावण्यापर्यंत ताणू नका. देण्यासारखी नसेल तर एकदा 'आज नाही' एवढंच सांगा आणि मग भडका शिखरावर असताना ती देऊ नका. आधी वीस मिनिटं नकार आणि डोकं आपटल्यावर होकार, यातून त्याला कळतं की डोकं आपटल्याशिवाय ऐकू जात नाही. पण आवाज, गर्दी, उजेड, अंगाला टोचणारे कपडे यांतून सुटका करणं हे कधीही लाड नसतात. ती सुटका शिखरावर असतानाही करायची.

समजा खूण हुकली आणि भडका उडालाच. क्रम असा. गॅस बंद. मुलीला ठरलेला शब्द सांगा (तिच्याबद्दल शेवटी लिहिते). मग त्याच्यापासून तुमच्या हाताच्या लांबीपेक्षा थोडं जास्त अंतर ठेवून, त्याच्या समोर नव्हे तर जरा तिरपं उभं राहा किंवा बसा. तुमच्या मागे दार मोकळं असू द्या, आणि त्याचाही रस्ता अडवू नका. तुम्ही दाराच्या चौकटीत उभ्या राहिलात तर त्याला कोंडल्यासारखं होतं आणि तो तुमच्यावर येतो. डोळ्याला डोळा भिडवू नका. बोलणं जवळजवळ बंद. जास्तीत जास्त दोन शब्द, हळू, दर वेळी तेच: 'आई आहे.' मग गप्प. समजावणं, 'काय झालं सांग', 'बघ बहीण घाबरली', 'पोलीस येतील' यातलं काही त्याच्यापर्यंत अर्थ म्हणून पोहोचत नाही, आवाज म्हणून पोहोचतं आणि आवाज तर त्याला आधीच जास्त झालाय. घरात दोन मोठी माणसं असतील तर एकानंच बोलायचं. दुसऱ्यानं वस्तू हलवायच्या, खिडकी बघायची, दार बघायचं.

घड्याळात वेळ बघून ठेवा. बारा मिनिटं तासाभरासारखी वाटतात आणि त्या घाईत आपण चुका करतो. काट्याकडे बघितलं की तुमचा श्वासही खाली येतो.

डोकं आपटत असेल तर डोकं हातांत पकडू नका. मान वाकडी होते आणि तो दुप्पट जोरानं सोडवून घेतो. उशी किंवा घडी केलेली गोधडी डोकं आणि भिंत यांच्या मध्ये सरकवा आणि बाजूनं धरून ठेवा. तो जागा बदलेल, तुम्ही उशी बदला. जमिनीवर पाठीवर पडून आपटत असेल तर उशी डोक्याखाली. स्वतःचा हात चावत असेल तर पिळलेला नॅपकिन त्याच्या हाताजवळ धरा, तोंडात कोंबू नका.

तुम्हाला चावला तर पहिली ऊर्मी हात ओढण्याची असते, आणि कातडी फाटते ती ओढण्यानं. हात ओढू नका. उलट किंचित त्याच्या तोंडाच्याच दिशेनं लोटून स्थिर ठेवा. जबडा सैल पडला की अलगद काढा. त्याचं नाक दाबू नका. कातडी फुटली असेल तर नंतर वाहत्या पाण्याखाली साबणानं काही मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. माणसाच्या चाव्यातून जंतुसंसर्ग पटकन होतो, धनुर्वाताच्या इंजेक्शनचंही विचारा. केस धरले तर तुमचा तळवा त्याच्या मुठीवर ठेवून ती मूठ तुमच्या डोक्याशीच दाबून धरा. केसांना ओढ बसत नाही आणि दुखणं तिथेच थांबतं. मग त्याच्या दिशेनंच वाकून बोटं सैल होण्याची वाट बघा. बोटं एकेक करून उलटी वळवून सोडवू नका, मोडतात. संध्याकाळच्या वेळी तुमचा अंबाडा घट्ट, ओढणी नको, लोंबते डूल नकोत. मंगळसूत्र लांब असेल तर घरात आखूड घाला किंवा पदराखाली पिन करा. पूर्ण बाह्यांचा जाड शर्ट किंवा जीन्सचं जॅकेट दाराच्या मागे टांगून ठेवा.

मग हात लावायचाच नाही का? तर काही प्रसंग असे आहेत जिथे लावावाच लागतो: तो रस्त्याकडे धावतोय, गॅलरीच्या कठड्यावर चढतोय, फुटलेल्या काचेकडे जातोय, बहिणीच्या अंगावर गेलाय. तेव्हा बाजूनं जा, दंडाच्या वरच्या भागाला किंवा खांद्यामागे तळहात लावून दिशा बदला, सुरक्षित जागेपर्यंत न्या आणि धोका टळला की त्याच क्षणी सोडा. मनगट पिळायचं नाही, सांध्यावर पकड नाही, जमिनीवर पाडायचं नाही, छातीवर-पाठीवर-पोटावर वजन नाही. त्याचे ओठ, चेहऱ्याचा रंग आणि श्वास डोळ्यांसमोर हवेत. यापलीकडचं धरणं लिहून शिकवता येत नाही आणि मी ते लिहिणारही नाही. तुमच्या थेरपिस्टना किंवा विशेष शाळेला विचारा, तुमच्या मुलाकडे बघून समोरासमोर शिकवणारं कोणी मिळतंय का. काही मुलांना घट्ट मिठी खरोखर शांत करते, तर काहींना तीच मिठी पेटवते. शांत असताना तो स्वतःहून तुमच्या कुशीत घुसत असला तरी भडक्यात त्याला ते चालेलच असं नाही. हात पुढे करून बघा. तो आला तर मिठी, नाही आला तर अंतर.

इथपर्यंतचं तुमच्या मिस्टरांना वाचून दाखवायला सोपं जावं म्हणून एका दमात: पालथं नाही, कोंडणं नाही, आधी गॅस, मुलगी बाहेर, एकच आवाज, दोन शब्द, हातभर अंतर, डोक्याशी उशी, चावला तर ओढायचं नाही, धोका असेल तरच हात आणि धोका संपला की सोडायचं.

ओसरताना घाई करू नका. रडणं बदलतं, अंग सैल पडतं, तो आडवा होतो, कधी तुम्हाला चिकटतो. इथे 'सॉरी म्हण', 'बघ काय केलंस', 'आता जेवायला चल' असं काही म्हटलं की दुसरी लाट येते, आणि ती पहिलीपेक्षा मोठी असू शकते. पेल्यात थोडं पाणी जवळ ठेवा, देऊ नका, तो घेईल. पंखा, अंधुक उजेड, शांतता. पूर्ण जागेवर यायला कुणाला वीस मिनिटं लागतात, कुणाला दोन तास, आणि त्या दिवशी शिकवणी, पाहुणे, केस कापणं काहीही ठेवायचं नाही. भूक असते, म्हणून त्याला नेहमी चालणारं साधं काहीतरी, दहीभात किंवा बिस्किटं, हाताशी ठेवा. मग शरीर तपासा. डोक्याला मार बसला असेल तर पुढचा पूर्ण दिवस लक्ष ठेवा. शुद्ध हरपली, पुन्हा पुन्हा उलटी झाली, उठवूनही नीट जागा होत नाही, डोळ्यांच्या दोन्ही बाहुल्या लहान-मोठ्या दिसतात, फिट आली, नाका-कानातून पाण्यासारखं किंवा रक्त आलं, चाल बदलली, यातलं एक जरी दिसलं तरी रात्र असो की पहाट, सरळ रुग्णालय.

भडका संपल्यावर दृष्ट काढली जाते, हे मला ठाऊक आहे. सासूबाईंचं समाधान होत असेल तर मीठ-मोहरी ओवाळून बाहेर टाकू द्या. मिरच्या मात्र जाळायच्या नाहीत. तो ठसका आणि वास आधीच भाजलेल्या इंद्रियांवर पुन्हा पडतो. आणि 'एक ठेवून द्या' हा सल्ला कोणाचाही असो, ऐकू नका. मारानं तो गप्प झाला तर भीतीनं गोठला असं समजा. शिवाय मारणं ही अनावर झालेल्या माणसानं करायची गोष्ट असते, हेच तो तुमच्याकडून शिकतो.

औषधांबद्दल विचारलं नाहीत, पण विचार मनात असेलच. ऑटिझममधल्या तीव्र चिडचिडीसाठी अमेरिकेच्या नियामकानं दोनच औषधांना मान्यता दिलेली आहे: रिस्पेरिडोन २००६ मध्ये, ५ ते १६ वयासाठी, आणि ॲरिपिप्राझोल २००९ मध्ये, ६ ते १७ वयासाठी. भारतातही बालमानसोपचारतज्ज्ञ ती वापरतात. ऑटिझमवरचा उपचार म्हणून ती नसतात. शिखराची उंची थोडी कमी करतात, म्हणजे शिकवायला जागा होते. वजन आणि भूक वाढणं, पेंग येणं, रक्तातली साखर आणि चरबी बदलणं हे त्यांचे परिणाम आहेत, म्हणून सुरुवातीलाच वजन आणि रक्ततपासणी करून ठेवतात. आठवड्याला तीन-चार भडके आणि डोक्याला मार बसत असेल तर हा विषय डॉक्टरांकडे काढण्यात कमीपणा नाही. पण केमिस्टकडून आणलेलं झोपेचं औषध, सर्दीचं सिरप 'गुंगी येते म्हणून' देणं, कुणाच्या मुलाची गोळी उसनी घेणं, हे कधीच नाही.

मदतीचे नंबर आजच दारामागे लिहून लावा. जीवाला धोका असेल तर ११२, रुग्णवाहिका १०८. ११२ ला फोन करताना पहिल्याच वाक्यात सांगा: 'ऑटिझम असलेला नऊ वर्षांचा मुलगा आहे, हत्यार नाही, सायरन न वाजवता या.' तुम्ही स्वतः कोसळल्यासारख्या झालात तर १४४१६, टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, मोफत, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. खालच्या मजल्यावरच्या घरी आणि वॉचमनला शांत दिवशी आधीच सांगून ठेवा की आवाज आले तर दार वाजवायचं नाही, फोन करायचा. गणपतीतले ढोल आणि दिवाळीचे फटाके यांचे दिवस कॅलेंडरवर आत्ताच खुणा करून ठेवा. त्या दिवसांत मिस्टरांची शिफ्ट बदलून मिळते का बघा.

पुढचे दोन आठवडे एक वही ठेवा. दर भडक्याला पाचच गोष्टी: वेळ आणि किती मिनिटं, त्याआधीच्या अर्ध्या तासात काय चाललं होतं, आदल्या रात्रीची झोप, शेवटचं खाणं आणि पोट साफ झालं का, आणि शेवटी तो कशानं ओसरला. वही स्वयंपाकघरात दोरीनं बांधून ठेवा, नाहीतर लिहिलं जात नाही. बहुतेक घरांत दोन आठवड्यांत एखादा साचा डोळ्यांसमोर येतो: शाळेच्या बसमधून उतरल्यावरचा अर्धा तास, उपाशी पोट, संडास न झालेला तिसरा दिवस. वही हातात असली की थेरपिस्ट आणि डॉक्टर दोघांचाही वेळ वाचतो. जवळ खासगी सोय परवडत नसेल तर जिल्हा रुग्णालयातल्या जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात, म्हणजे डीईआयसीमध्ये, विचारा. दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये ऑटिझम आहे. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, काढलं नसेल तर काढा आणि नॅशनल ट्रस्ट या सरकारी संस्थेच्या निरामय आरोग्य विमा योजनेचा अर्ज भरा. वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतच्या त्या विम्यात थेरपीचा काही खर्च येतो.

वहीतून साचा कळला की त्याच जागी एक मार्ग द्या. त्याला दोन-तीन शब्द येतात, म्हणजे चित्रकार्ड नक्की जमेल. 'बास' आणि 'आवाज नको' अशी दोनच कार्डं करा, दाराजवळ त्याच्या हाताला लागतील अशी. तो शांत असताना रोज चार-पाच वेळा त्याच्या हातून कार्ड घ्या आणि घेतल्याक्षणी ती गोष्ट थांबवा. दर वेळी, त्याच क्षणी. पहिल्या महिन्यात तो नको तिथेही 'बास' दाखवेल. तेव्हाही ऐका. डोकं आपटण्यापेक्षा कार्ड लवकर काम करतं, हे त्याच्या शरीराला पटायला तेवढा वेळ लागतोच.

आता मुलगी. ती पाच वर्षांची आहे, तिला हे सगळं दिसतं आणि ती त्याचं कारण स्वतःत शोधते. तिला एक शब्द द्या, 'टेकडी' किंवा तिला आवडेल तो. तो ऐकला की खेळणं जिथे असेल तिथे टाकून सरळ शेजारच्या काकूंकडे, किंवा त्या नसतील तर आतल्या खोलीत, जिथे आतून तिला लावता येईल आणि बाहेरून तुम्हाला उघडता येईल अशी कडी आहे. तिथे तिची एक पिशवी तयार ठेवा: पाण्याची बाटली, खाऊ, रंग, वही. दादा शाळेत असताना आठवड्यातून एकदा तिच्याबरोबर याची रंगीत तालीम करा, खेळासारखी, घड्याळ लावून. आणि भडका संपला, तो झोपला, की आधी भांडी आवरू नका. तिच्याकडे जा, दार वाजवा, आत बसा आणि तिला सांगा, 'दादाला खूप आवाज झाला होता. तू काही केलं नव्हतंस.' ती विचारेल ते विचारू द्या.